वॉलेटमधला आकडा आणि खात्यातले पैसे
(आर्थिक साक्षरता पाठ. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)



या अंकात शेळ्यांच्या विम्याचा पाठ द्यायचं ठरलं होतं. तो पुढच्या अंकात येईल. मधल्या काळात आपल्याच एका गटात एक गोष्ट घडली आणि प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्यांचं मत पडलं की आधी हे छापा. ज्या ताईच्या घरात हे घडलं तिनेच परवानगी दिली. "माझं नाव टाकू नका, पण आकडे खरे टाका," असं ती म्हणाली. म्हणून नाव नाही, गावही नाही. आकडे मात्र तिने सांगितले तेच आहेत.

त्या दिवशी गटाची नेहमीची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले आणि ताईने तातडीचं कर्ज मागितलं. 15,000 रुपये, दवाखान्यासाठी. आपल्या कोषाध्यक्ष अक्कांची नजर कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "कोण आजारी आहे गं? सकाळी तर तुझ्या घरचे सगळे शेतात दिसले." ताई काहीच बोलेना. मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. इतिवृत्ताचं रजिस्टर आम्ही बाजूला ठेवलं आणि तिला पाणी दिलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईने गटातून 20,000 रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं, दोन शेळ्यांसाठी. शेळ्या आल्याच नव्हत्या. मुलगा 22 वर्षांचा. "आठवड्यात देतो" म्हणून त्याने त्यातले 12,000 घेतले आणि मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात घातले. एकदम नाही, कधी 500, कधी 1,000, एकदा 2,000. खेळाचं ॲप त्याला मोबाईलवरच्या एका ग्रुपमधल्या लिंकवरून मिळालं होतं. सिमकार्ड आईच्या नावाचं आणि यूपीआय आईच्या बँक खात्याचं. फोन मात्र पोराच्या हातात. हे आपल्यापैकी किती घरांत असंच आहे, ते ज्याने त्याने मनात मोजावं.

सुरुवातीला तो 9,000 जिंकला आणि ते खरोखर आईच्या खात्यावर आले. "बघ, येतात की नाही?" असं म्हणून त्याने आईला मेसेज दाखवला. ती म्हणाली, त्या दिवशी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एकदा 22,000 जिंकला. पैसे काढायचं बटण दाबलं तर ॲप म्हणालं, 48 तास थांबा. त्या 48 तासांत त्याच पडद्यावर दुसरं बटण चमकत होतं, "रक्कम परत खेळात घ्या". रात्री दीड वाजता त्याने ते दाबलं. सकाळपर्यंत 22,000 संपले.

हे बटण असं चुकून ठेवलेलं नसतं. ब्रिटनमध्ये परवाना घेऊन ऑनलाइन जुगार चालवता येतो, पण तिथल्या जुगार आयोगानेसुद्धा 2021 मध्ये कंपन्यांना सांगितलं की काढायला टाकलेले पैसे पुन्हा खेळात ओढून घेण्याची सोय कायमची बंद करा. जिंकलेल्या माणसाला थांबवून ठेवलं की तो पुन्हा खेळतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

शेवटी एका रात्री वॉलेटमध्ये 64,300 रुपये दिसले. या वेळी मुलाने लगेच पैसे काढायला टाकले आणि दुसऱ्या बटणाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर वॉलेटमध्ये 1,150. खाली इंग्रजीत दोन ओळी: बोनसचा गैरवापर आणि खातेदाराचं नाव जुळत नसल्यामुळे जिंकलेली रक्कम रिव्हर्स केली आहे.

त्याने कस्टमर केअरला लिहिलं. तिथून एक माणूस गोड बोलायला लागला. रक्कम अडकली आहे, गेलेली नाही, म्हणाला. सरकारी नियमाप्रमाणे 30 टक्के टॅक्स आधी भरा, म्हणजे 19,290 रुपये, की 64,300 पूर्ण सुटतील. घासाघीस करून "आधी 5,000 भरा" इथवर आला. ते 5,000 ताईने भरले. उरलेल्या 14,290 साठी ती गटात आली होती.

आता पाठाकडे येऊ.

त्या ॲपमधलं वॉलेट म्हणजे काय? आपण दुकानात, प्रवासात वापरतो ती काही ई-वॉलेटं रिझर्व्ह बँकेची परवानगी घेऊन चालतात. त्यांतल्या पैशांना नियम आहेत आणि वाद झाला तर तक्रारीला जागा आहे. खेळाच्या ॲपमधलं वॉलेट तसं नसतं. नाव तेच घेतलेलं असतं, एवढंच. ती सावकाराची वही समजा. आपल्या गटाची खातेवही सगळ्यांसमोर लिहिली जाते, बेरीज मोठ्याने वाचली जाते, तुमच्या पासबुकावर सही होते. सावकाराची वही त्याच्या पेटीत. त्यात आकडा तोच लिहितो आणि तोच खोडतो. 64,300 हा आकडा त्याने लिहिला होता आणि त्यानेच खोडला. ते पैसे ताईच्या घरात कधी आलेच नव्हते.

खोडायची कारणं तयारच असतात. 500 भरा, 500 बोनस घ्या, असं म्हणतात, पण त्या बोनसच्या कित्येक पट खेळल्याशिवाय काही काढता येत नाही, ही अट आत कुठेतरी बारीक अक्षरात असते. खेळणारा मुलगा आणि खातं आईचं, म्हणून नाव जुळत नाही. एका फोनवर दोन खाती उघडली म्हणूनही अडवतात. काहीच सापडलं नाही तर "तांत्रिक चूक" आहेच. गंमत बघा, पैसे भरताना नाव जुळत नाही याची आठवण कुणालाच होत नाही, ती काढतानाच होते.

"मग कोर्टात जाऊ," असं बैठकीत एकीने म्हटलं. तिचं बोलणं रास्त होतं, पण कायदा इथे आपल्या बाजूने उभा राहत नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 30 मध्ये म्हटलं आहे की पैजेचा करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा लावता येत नाही. म्हणजे समोरचा म्हणाला, "हो, तू जिंकलास, पण देत नाही," तरी कोर्ट त्याला "दे" म्हणणार नाही. आपल्याकडे तर तेव्हाच्या मुंबई सरकारने त्याच्याही आधी, 1865 मध्ये, पैजेला मदत म्हणून केलेले करारसुद्धा निरर्थक ठरवले होते.

कंपन्या कित्येक वर्षं म्हणत आल्या की रमी हा डोक्याचा खेळ आहे, जुगार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला आणि हा वादच बाजूला ठेवला. डोकं लागो की नशीब, पैसे लावून जास्त पैसे मिळवायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ देणं हा आता गुन्हा आहे. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. बँका आणि पेमेंट कंपन्यांनी अशा खेळाला पैसे पोचवायचे नाहीत. कायदा आल्यावर नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले आणि लोकांना शिल्लक काढून घ्यायला सांगितलं. त्यानंतरही लिंकवरून जे ॲप येतं, त्याला नाव, पत्ता, कार्यालय काही नसतं. नोटीस पाठवायची तर कुठे पाठवणार?

ताईला खरी भीती वेगळीच होती. "पोलिसांकडे गेलं तर पोराला आत टाकतील." केंद्राच्या या 2025 च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, खेळ चालवणाऱ्याला आणि त्याचा प्रचार करणाऱ्याला आहे. हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसली. याच भीतीवर त्या गोड बोलणाऱ्याचा धंदा चालतो, कारण घाबरलेली बाई तक्रार करत नाही.

मग आम्ही फळ्यावर तिचे आकडे वेगवेगळे लिहिले. ही गोष्ट तुम्हीही बैठकीत करून बघा. बाई रडत असते तेव्हा तिच्या डोक्यात सगळे आकडे एकत्र होऊन बसतात. "माझे 80 हजार गेले," असं ताई म्हणत होती.

64,300 म्हणजे जिंकलेले म्हणून दाखवलेले. ते कधी आलेच नाहीत आणि कायद्याने मागताही येत नाहीत. त्या आकड्यावर आम्ही काट मारली. काट मारताना ताईला वाईट वाटलं, पण त्याच आकड्याच्या आशेवर ती आणखी 14,290 घालणार होती.

12,000 म्हणजे मुलाने खेळात भरलेले. हे खरे पैसे, खात्यातून गेलेले. पण स्वतः पिन टाकून खेळासाठी दिलेले. बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच परवानगीने झाला. तक्रारीत ते लिहायचे, परत येतील अशी आशा मात्र धरायची नाही.

5,000 म्हणजे "टॅक्स". ही सरळ फसवणूक आहे. जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के कर कापतात हे खरं आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. पण तो कर देणारा कापून घेतो आणि उरलेले देतो. 64,300 खरे असते तर त्यातलेच 19,290 कापून बाकीचे दिले असते. मजुरी द्यायच्या आधी मालक मजुराकडे पैसे मागतो का? आयकर खातं कुणाच्या खासगी यूपीआयवर कर घेत नाही. "प्रोसेसिंग फी", "खातं सुरू करायची फी", "विमा", नाव काहीही असो, पैसे मिळवायला आधी पैसे भरा म्हटलं की फोन ठेवायचा. आणि हेही लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त देताना लागतो.

पाच हजारांसाठी तिथूनच 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतो. त्याने काढून घ्यायच्या आत बँकेला कळलं तर जिथे असतील तिथे रोखता येतात. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. फोन लागला नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार करता येते. गटात एक तरी शिकलेली मुलगी असते, तिला बसवा. तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या.

आमचा फोन गेला तेव्हा पैसे भरून जवळजवळ वीस तास झाले होते. 5,000 पैकी 1,800 एका खात्यात रोखले गेले. बाकीचे निघून गेले होते. रोखलेले परत मिळवायचे आहेत. ते काम अजून चालू आहे.

आम्हाला वाटलं, एवढ्यावर संपलं. खरा दणका तीन आठवड्यांनी बसला आणि तोही हरलेल्या पैशांमुळे नाही, जिंकलेल्या पैशांमुळे. ते सुरुवातीचे 9,000 आठवतात ना? ताई रोजगार हमीची मजुरी काढायला बँकेत गेली तर खातं बंद. लाडक्या बहिणीचे पैसे तिथेच, मजुरी तिथेच, गटाचा हप्ताही तिथूनच. साहेब म्हणाले, "तुमच्या खात्यावर पोलिसांचा होल्ड आहे." कुठले पोलीस? दुसऱ्या राज्यातले. ताई तालुक्याच्या बाहेर दोनदा गेलेली, दोन्ही वेळा पंढरपूरला.

झालं असं की ही ॲपवाली मंडळी जिंकणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून पैसे देत नाहीत. कुणातरी भलत्याच्या खात्यातून देतात आणि त्या खात्यात दुसऱ्या कुणाला फसवून घेतलेले पैसे असतात. दूर कुठेतरी एका माणसाने तक्रार केली. पोलिसांनी त्याच्या पैशांचा माग काढला, तो या खात्यातून त्या खात्यात असं करत ताईच्या 9,000 वर येऊन थांबला. पोलिसांच्या कागदावर ताई म्हणजे चोरीचा माल घेतलेली बाई. ॲपने वॉलेटमधले पैसे खोडले तो एक उलटा व्यवहार, आणि खात्यात आलेले असे अडकले तो दुसरा. म्हणून ज्यांच्या घरी "पण आमच्या पोराला खरंच पैसे मिळतात" असं म्हणतात, त्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते, नाहीतर उगाच घाबराल. दुकानात किंवा नातेवाइकाला पैसे पाठवताना खात्यातून कापले गेले आणि समोर पोचले नाहीत, मग ते परत आले, तर ते साधं रिव्हर्सल आहे. माणसाला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला पाठवलेले पाच दिवसांपर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

होल्डचं काय केलं ते सांगते. आधी बँकेकडे लेखी विचारलं: कुठल्या पोलीस ठाण्याचा आदेश आहे, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती. तोंडी विचारलं की "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळतं. मग त्या ठाण्याला अर्ज पाठवला, सोबत पासबुकाची झेरॉक्स, मजुरीच्या नोंदी आणि गटाचं पत्र. वादातले 9,000 अडवून ठेवा पण बाकीचं खातं मोकळं करा, एवढीच विनंती केली. खेळाची गोष्ट लपवली नाही. एका दादांनी "शेती माल विकला असं लिहा" म्हणून सुचवलं होतं. ऐकलं नाही ते बरं झालं, कारण खोटं एकदा लिहिलं की ते निस्तरायला दहा कागद लागतात. सव्वा महिन्याने खातं सुरू झालं. 9,000 अजून अडकलेले आहेत.

बँक 30 दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 वर फोन करा. पोलिसांकडून काही हालत नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा.

आणि खबरदार, "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो" म्हणणारे फोन यापुढे येतील. ताईला दोन आले. "तुमचं खातं महिन्याला भाड्याने द्या, 5,000 मिळतील" असंही विचारणारे फिरत आहेत. ज्या भलत्याच्या खात्यातून ताईला 9,000 आले, ते खातं असंच कुणीतरी दिलेलं असणार. उद्या पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या, भाडं देणाऱ्याच्या नाही.

गटात काय ठरलं? दोघीजणी म्हणाल्या, हिला गटातून काढा, कर्ज खोट्या कारणाने वापरलं. त्यांचा राग चुकीचा नव्हता, ते पैसे त्यांच्याही बचतीचे आहेत. पण कर्ज देऊन दोन महिने झाले तरी शेळ्या आल्या का, हे बघायला आपल्यातलं कुणी गेलं नाही, हेही इतिवृत्तात लिहिलं. हिला काढलं असतं तर पुढची बाई 1930 ला फोन करायला गटाकडे आली नसती, असं मला वाटतं. कर्ज माफ झालेलं नाही. हप्ता लहान करून मुदत वाढवली. मुलगा बैठकीत येऊन बसला, मान खाली घालून, आणि आता ट्रॅक्टरवर जातो. ॲप त्याने सगळ्यांसमोर काढून टाकलं. यूपीआयचा पिन आईने बदलला. तो तिने स्वतः टाकला, पोराला बाहेर पाठवून.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी बँकेच्या अर्जाचा नमुना:

प्रति, शाखा व्यवस्थापक साहेब,
विषय : माझ्या बचत खात्यावरील होल्डची माहिती मिळणेबाबत.
महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खाते क्रमांक ______. दिनांक ______ पासून खात्यातून पैसे काढता येत नाहीत. होल्ड कोणत्या पोलीस ठाण्याच्या किंवा कार्यालयाच्या आदेशाने लावला, तक्रार क्रमांक काय, आदेशाची तारीख आणि अडवलेली रक्कम किती, ही माहिती कृपया लेखी द्यावी. आदेश ठराविक रकमेपुरता असल्यास उर्वरित रक्कम काढू द्यावी. माझी मजुरी याच खात्यात जमा होते. सोबत पासबुक आणि आधारची प्रत जोडली आहे.
आपली, ______ (सही किंवा अंगठा), मोबाईल क्रमांक, दिनांक.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तर बाकावर बसून राहा. आम्ही चौघी बसलो होतो, डबा घेऊनच गेलो होतो.